घाटातील मोटार आणि इंजिनाचे पाणी

सह्याद्रीच्या घाटांचा इतिहास लिहिणारांनी तो बहुधा लढायांच्या, जकातीच्या आणि रस्ते बांधविणाऱ्या अंमलदारांच्या अनुरोधाने लिहिला आहे. परंतु तोच इतिहास पाण्याच्या अनुरोधानेही लिहिता येण्याजोगा आहे, कारण कोकणातून देशावर चढणाऱ्या प्रत्येक पिढीच्या वाहनाला वाटेत थांबावे लागले ते बव्हंशी पाण्यासाठी. बोरघाटाने प्रथम लमाणांचे लादलेले बैल पाहिले. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, चाकांच्या गाड्यांना जाता येईल असा रस्ता त्या घाटातून खुला झाला. १८६३ साली सदतिसास एक अशा खड्या चढणीचा लोहमार्ग पुरा होऊन आगगाडी कोकणातून घाट चढू लागली. आणि विसाव्या शतकात त्याच डोंगरातून मोटार वर आली. बैलाला पाणी तहानेसाठी लागे आणि आगगाडीच्या इंजिनाला वाफेसाठी. मोटारीला ते लागते ते मात्र उष्णता वाहून नेण्यासाठी, आणि तेही वाफ होऊ न देता. जी वाफ आगगाडीचे बळ होती, तीच मोटारीची आपत्ती ठरली.

या आपत्तीचे कारण हिशेबाच्या वहीसारखे स्वच्छ मांडता येते. इंधनाच्या ज्वलनातून जी उष्णता निघते तिच्यातील फार तर एक तृतीयांशाच्या आसपास भाग उपयुक्त बळ बनतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. आणि उरलेला सिलिंडरच्या भिंतींत व माथ्यावरच्या हेडमध्ये शिरतो, तेथून तो काढून घेतला नाही तर वंगणाचे तेल पातळ होऊन जळते, पिस्टन फुगून धरतो आणि हेडचे लोखंड वाकते. सपाट रस्त्यावर हा निचरा सुखाने होतो, कारण गाडी वेगात असल्यामुळे समोरचा वारा आपण होऊन मदतीला येतो. घाटात मात्र सगळेच उलटते: इंजिनाला सर्वांत अधिक श्रम पडतात त्याच वेळी वेग सर्वांत कमी असतो, म्हणजे उष्णतेची जमा वाढते आणि वाऱ्याचा खर्च आटतो. म्हणून मैदानात वर्षभर झाकून राहिलेला दोष घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर उघड्यावर येतो. आणि म्हणूनच घाट चढण्यापूर्वी गाडी थांबवून पाणी पाहण्याचा शिरस्ता आपल्याकडच्या चालकांत आणि क्लीनरांत रूढ झाला.

या शिरस्त्याची परीक्षा ज्या वाहनांनी महाराष्ट्रात दीर्घकाळ घेतली, त्यांत मॅटॅडोर या गाडीचा मान मोठा आहे. जर्मनीतील हांबुर्ग-हारबुर्ग येथील फिडाल अँड झोन यांच्या टेम्पो कारखान्याशी सहकार्य करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभारली. तिच्या तीन चाकी हॅन्सीट गाडीने शहरांतील मालवाहतुकीत बैलगाडीची आणि हातगाडीची जागा घेतली. आणि १९६९ पासून मॅटॅडोर रस्त्यावर आली. भाजीपाला, दुधाचे कॅन, वऱ्हाडी मंडळी, शाळेची मुले आणि इस्पितळाचे रुग्ण या सर्वांची ने-आण तिने केली. पुढच्या काळात मर्सिडीज-बेंझच्या आराखड्याचे ओ. एम. ६१६ हे २४०४ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन तिला लाभले. पुढे नाक नसलेल्या या गाडीत इंजिन केबिनमध्येच झाकणाखाली असे, त्यामुळे ते तापू लागल्याची वर्दी काट्याच्या आधी चालकाच्या पोटरीला मिळे.

अशी जुनी गाडी तापू लागली की तिची तहकीकात कशी करावी, याविषयी माझे एक मत अनेक वर्षांच्या निरीक्षणाने दृढ झाले आहे, आणि ते या लेखाचे प्रयोजन आहे. इंजिन थंड ठेवण्याच्या व्यवस्थेतील एकही भाग प्रारंभापासून तेथे नव्हता. प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या उणिवेचे निवारण म्हणून, एका विशिष्ट काळी, तेथे येऊन बसला. तो भाग निकामी झाला की ज्या उणिवेसाठी त्याची योजना झाली होती, तीच उणीव, त्याच लक्षणांसह, गाडीत पुन्हा प्रकट होते. सबब, या व्यवस्थेचा इतिहास ज्याला क्रमवार अवगत आहे, त्याला दोषाचे निदानही क्रमवार करता येते.

आरंभ केवळ पाण्याने झाला. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीत सिलिंडरभोवती पाणी होते, ते तापून उकळे, वाफ होऊन उडून जाई, आणि उडून जाताना उष्णता बरोबर नेई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्यांच्या मोटारीने गेल्या, तेव्हा त्यांना वाटेत ठिकठिकाणी पाणी भरून घ्यावे लागले आणि चढणीवर मुलांना गाडी ढकलावी लागली. मोटारीच्या पहिल्याच दीर्घ प्रवासाची ही हकीकत कोणत्याही घाटातील चालकाला परकी वाटणार नाही. त्या व्यवस्थेची उणीव एकच होती: पाणी संपत असे. म्हणून जुन्या गाडीच्या तहकीकातीतही पहिली रुजुवात पाण्याच्या पातळीचीच घ्यावयाची. ती इंजिन पूर्ण थंड असताना घ्यावी; तापल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने दाबाखालचे पाणी उसळून चेहरा आणि हात भाजल्याच्या घटना इतक्या सर्वश्रुत आहेत की त्याबाबत हयगयीला जागा नाही. पातळी उतरलेली आढळली, तर पाणी गेले कोठे याचा शोध केल्याशिवाय वरून भर घालीत राहणे म्हणजे रोगाला मुदत वाढवून देणे होय. होजच्या तोंडाशी पांढरट किंवा गंजकट डाग, पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून ओघळलेली रेघ, रेडिएटरच्या जाळीच्या कडेला आलेली हिरवट बुरशी: गळतीचे दाखले बहुधा अशा ठिकाणी मिळतात.

पाणी उडवून टाकण्याऐवजी तेच पाणी निववून पुन्हा वापरण्याची युक्ती विल्हेल्म मायबाख यांनी पूर्णत्वाला नेली. डाइमलर कारखान्यासाठी त्यांनी जो मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर १९०० साली सिद्ध केला, त्यात सहा मिलिमीटर चौकोनी छेदाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि त्यांच्यायोगे इंजिनाला लागणारे पाणी अठरा लिटरांवरून नऊ लिटरांवर आले. एमिल येलिनेक यांच्या आग्रहावरून बांधलेली पस्तीस अश्वशक्तीची मर्सिडीज गाडी १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत आणि तेथील ला तुर्बीच्या चढणीवर विजयी झाली, त्या यशात या जाळीचा वाटा मोठा होता. मायबाख यांच्या कल्पनेचे मर्म असे की पाणी आणि वारा यांची भेट शक्य तितक्या विस्तृत पृष्ठभागावर घडावी. यावरून हेही कळते की हा पृष्ठभाग आक्रसला की गाडी पुन्हा पूर्वीच्या स्थितीला जाते. तो बाहेरून आक्रसतो चिखलाने, किड्यांनी, उसाच्या पाचोळ्याने. आणि आतून आक्रसतो क्षारांनी.

आपल्या मुलखात या आतल्या क्षारांचे महत्त्व विशेष आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली, आणि पुढील काही दशकांत मोटार आडगावापर्यंत गेली. जेथे नळ नव्हता तेथे विहिरीचे आणि पुढे कूपनलिकेचे पाणी रेडिएटरमध्ये पडू लागले. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ ठिकाणी भरपूर असतात. असे दुष्फेन पाणी तापले की क्षार नळीच्या आतल्या अंगाला बसतात, आणि पितळेतून उष्णता जितक्या सुलभतेने पार होते त्याच्या अल्पांशानेही ती त्या थरातून होत नाही. चालक नित्यनेमाने पाणी घालीत असतो, आणि त्याच नेमाने नळ्या अरुंद होत असतात. याची परीक्षा सोपी आहे: गाडी तापवून, इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर जाळीवरून सावधपणे तळहात फिरवावा, जेथे जाळी थंड लागेल तेथे पाणी वाहत नाही, असे निःशंक समजावे.

वाहण्याचा प्रश्न हा या इतिहासातील तिसरा टप्पा. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते व निवलेले खाली उतरते, एवढ्या निसर्गनियमावर फोर्डच्या मॉडेल टी गाडीने आपले पाणी खेळविले. प्रारंभीच्या अडीचेक हजार गाड्या वगळता तिला पंपच नव्हता. अशी रचना साधी आणि स्वस्त खरी, पण पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरले की अभिसरण थांबे. १९२८ पासून मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली, मालमोटारी अधिकाधिक वजनाने घाट चढू लागल्या, आणि निसर्गाच्या मंद गतीवर विसंबणे अशक्य होऊन पंप व पंखा सर्वत्र आवश्यक ठरले. जुन्या गाड्यांत हे दोन्ही बहुधा एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात, म्हणून पट्टा सैल पडला की गाडीला पाण्याची गती आणि वारा या दोन्हींची एकदम वाण पडते. येथे एक सूक्ष्म दोष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो; त्याचे रबर जुने होऊन मऊ पडले, तर इंजिन मंद चालताना तो धडधाकट दिसतो आणि वेग देताच ओढीने आत चेपतो. गाडी उभी करून पाहणाऱ्या कारागिराला तो दोष कधीच सापडत नाही. त्यासाठी कोणीतरी पेडल दाबून धरावे लागते आणि दुसऱ्याने त्या होजवर नजर ठेवावी लागते.

पंप आला आणि विपरीत अडचण उभी राहिली: थंड सकाळी पाणी इतके खेळू लागले की इंजिन वेळेवर तापेचना. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही आणि सिलिंडर झिजतात. म्हणून थर्मोस्टॅट आला, जो ठरावीक उष्णता येईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडील वाट बंद ठेवतो. आरंभी त्यात सहज वाफ होणारे द्रव भरलेली पितळी भाथी असे. पुढे पाण्यावर दाब ठेवण्याची पद्धत आली तेव्हा ती भाथी बाहेरच्या दाबाने फसू लागली, आणि १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाच्या प्रसरणावर चालणारा प्रकार पुढे आणला, तोच आजतागायत रूढ आहे. आपल्याकडे मात्र या भागाविषयी एक अपसमज घट्ट रुजला: उष्ण देशात त्याची जरुरी नाही, सबब गाडी तापू लागली की तो काढून फेकावा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल तर तो काढल्याने तात्पुरता उतार पडतो, हे खरे. आणि म्हणूनच हा अपसमज टिकला. परंतु ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती उष्ण अवस्थेत आडवाट बंद करते, आणि मर्सिडीज घराण्याचे मॅटॅडोरमधील डिझेल इंजिन त्यांपैकीच होय, त्यांत तो काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर पंपाकडे परतते. उपाय म्हणून केलेली गोष्ट घाटात अपायाचे मूळ होते. जो भाग काढावयाचा त्याने पूर्वी कोणती अडचण निवारली होती, हे न विचारता काढल्याचा हा परिणाम आहे. थर्मोस्टॅटची परीक्षा करणे अवघडही नाही: भांड्यातील पाण्यात तो दोरीने टांगावा, पाणी तापवीत न्यावे, आणि त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास तो उघडतो की नाही ते पाहावे.

रेडिएटरचे झाकण हा शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित. पाण्यावर वातावरणाच्या निम्म्याइतका अधिक दाब ठेवला की ते १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते, आणि एका वातावरणाइतका ठेवला तर १२० अंशांवर. उलट, उंचावर हवेचा दाब घटतो: लोणावळ्याच्या सुमारे ६२० मीटर उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि महाबळेश्वरास ९६ च्याही किंचित आधी. म्हणजे झाकणाचे रबर आंबले किंवा स्प्रिंग मेली, तर घाट चढणाऱ्या गाडीच्या पदरची वीस-एक अंशांची शिल्लक नाहीशी होते, आणि तीही जेथे तिची गरज सर्वाधिक तेथे. अल्प किमतीचे हे झाकण न बदलता हेड उतरवून बसलेले कारागीर मी पाहिले आहेत. शीतक द्रवाचीही गोष्ट अशीच. गोठू नये म्हणून थंड देशांत इथिलीन ग्लायकॉल पाण्यात मिसळू लागले, आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा ते निरुपयोगी, असा युक्तिवाद ऐकू येतो. पण त्यासोबत असलेली गंजरोधक द्रव्ये पंपाची पाती, लोखंडाचा ब्लॉक आणि जाळी यांचे जे रक्षण करतात, ते उष्ण देशातही तितकेच हवे.

या पाच टप्प्यांची रुजुवात घेतल्यावर, आणि घेतल्यावरच, हेडखालच्या गॅस्केटचा संशय धरावा. गॅस्केट उडाले असेल तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो, गाडी सुरू होताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे एकसारखे येत राहतात, होज इंजिन तापण्यापूर्वीच टणक होतो, आणि कधी तेल दुधाळ होते. ही लक्षणे नसताना हेड उतरविणे म्हणजे पुराव्यावाचून दंड ठोठावणे होय. गाडी कधी तापते, हा प्रश्न चालकाला शांतपणे विचारला तर तोच पुष्कळदा निकाल देतो. बाजारातल्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा, म्हणजे पंख्याचा आणि पट्ट्याचा. वेगात किंवा लांब चढणीवर तापते, तर जाळी तुंबली किंवा पाणी मंदावले. सुरू होताच अल्पावधीत तापते, तर थर्मोस्टॅट अडकला किंवा पाणीच नाही. आणि शीतनव्यवस्था सर्वस्वी निर्दोष ठरली, तर धरून बसलेला ब्रेक, डिझेल-पंपाचे चुकलेले टायमिंग किंवा शक्तीबाहेरचे ओझे यांच्याकडे वळावे. कारण उष्णतेचा निचरा यथास्थित असूनही तिची उत्पत्तीच अवाजवी असू शकते.

या इतिहासात कारखानदारांची व शोधकांची नावे राहिली. ज्यांनी तो प्रत्यक्ष जिवंत ठेवला त्या रेडिएटरवाल्यांची राहिली नाहीत. हमरस्त्यांच्या कडेला, मोठ्या गावांच्या ट्रक अड्ड्यांजवळ, त्यांची दुकाने असत आणि काही अद्याप आहेत. पितळी टाक्या, पितळी नळ्या आणि तांब्याचे पत्रे कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असत, म्हणून ते उकलता येत. कारागीर ज्योतीने वरची टाकी सोडवी, डाख वाहू लागताच ती हलकेच उचलून बाजूला ठेवी, मग पोलादाची लांब चपटी पट्टी एकेका नळीत घालून खालपर्यंत फिरवी, आणि साठलेला पांढरा चुरा खाली गळत राही. टाकी पुन्हा बसविताना कडा घासून, तेजाबाचा हात फिरवून, त्यावर कथलाचा मुलामा चढवी. मग दोन्ही तोंडे बंद करून सबंध रेडिएटर हौदात बुडवी आणि पंपाने आत हवा भरी. जेथून बुडबुडा उठे तेथे खडूची खूण होई. घराघरांत भांड्यांना कल्हई करणाऱ्या कारागिराच्या हातांत तापल्या धातूवर कथील कसे पसरते याचे जे ज्ञान होते, त्याच जातीचे हे ज्ञान. दोघांच्याही विद्येचा मर्मबिंदू एकच, की मैल राहिलेल्या धातूला कथील धरत नाही.

प्लास्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी आली, तिचे सांधे चेपून बसविलेले, तेव्हा उकलण्याची सोय संपली. नवा रेडिएटर हलका आहे, एकसारखा आहे, आणि बिघडला की बदलावयाचा आहे. याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, कारण इंजिने निर्वेध चालावीत हाच साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. मॅटॅडोरचे उत्पादनही केव्हाच थांबले आणि बजाज टेम्पोचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरता खुला झाल्यावर बोरघाटाची चढणही पूर्वीइतकी जाचक राहिली नाही, तरी उन्हाळ्यात तेथे कडेला उभ्या राहिलेल्या, तापलेल्या गाड्या आजही दिसतात.

खेद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. भाग बदलण्याची सोय झाली आणि निदानाचा क्रम विसरत चालला. थर्मोस्टॅट काढून पाहू, मग पंप बदलून पाहू, मग हेड उतरवू, अशी चाचपडत जाणारी रीत पडली, आणि तिचा खर्च त्या जुन्या गाडीवर पोट असलेल्या भाजीवाल्याला किंवा दूधवाल्याला सोसावा लागतो. आपल्याकडे किल्ल्यांची बखर आहे, देवस्थानांच्या सनदा दप्तरी आहेत. परंतु ज्या विद्येवर अर्धशतकभर घाटांतली रहदारी चालली, तिची मराठीत सुसंगत नोंद नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या पाठ्यक्रमात प्रत्येक भागाबरोबर तो का आणि केव्हा आला एवढे चार ओळींत सांगितले जावे, आणि ज्या वृद्ध कारागिरांना नळीत पट्टी फिरविण्यापासून होजचे चेपणे ओळखण्यापर्यंत सर्व हातांनी ठाऊक आहे, त्यांच्या तोंडून ते लिहून घेतले जावे. हे काम फार द्रव्याचे नाही, पण मुदतीचे आहे; कारण ते जाणणारे लोक आता वयोवृद्ध आहेत, आणि त्यांच्या दुकानांत शिकाऊ पोरे येईनाशी झाली आहेत.